फोन कॉम्प्रेसरजवळ धरा

गुडघ्याची वाटी सरकली त्या वर्षापासून
मी कुणाचा जिना चढत नाही.
खारेगावात खिडकीशी बसतो
आणि लोकांची घरं कानानं उघडतो.

आधी म्हणतो, तोंडानं काढून दाखवा आवाज.
लाजतात.
वाशीचे एक बँकेतले साहेब,
दार लोटून घेतलं, मग हळूच,
घुर्रर्र टक, घुर्रर्र टक.
वॉशिंग मशीनच्या ड्रमखाली ब्लाउजचा हूक अडकला होता.
निघाला. आता नळ गळला तरी
मलाच करून दाखवतात, टिप्प, टिप्प.

घणसोलीची एक मुलगी व्हिडिओ लावते.
बंद कर म्हणतो. दिसलं की
डोळा घाई करतो, आणि निदान चुकतं.

बुधवारी रात्री दोन वाजून दहा.
दिघ्याहून, हरेश्वर केणी.
"फ्रीज ओरडतोय. परवापासून डोळ्याला डोळा नाही."
किती जुना? चौदा वर्षं.
भिंतीपासून लांब आहे? वीतभर.
बर्फ धरतो? धरतो.
दूध नासतं? नाही.
मग फोन कॉम्प्रेसरजवळ धरा.

धरला.
चांगला होता हो.
वयाप्रमाणे जरा खाकरत,
पण श्वास एकसारखा, कुठं धाप नाही.
याला आमच्यात रोग म्हणत नाहीत.

परवा काय झालं? हलवला? व्होल्टेज?
"काही नाही. परवा कंपनी बंद झाली."
रबाळ्याला, रंगाची.
बावीस वर्षं कायम नाइटला,
भत्ता मिळायचा म्हणून.

मागून बाईचा आवाज आला, अर्धा झोपेतला:
"तो असाच करतो. आणला तेव्हापासून.
तुम्ही कुठं होता ऐकायला?"

तेवढ्यात थर्मोस्टॅटनं कट केला.
अंग झटकून फ्रीज गप्प झाला,
आणि फोनमधून अख्खं घर ऐकू आलं,
भिंतीवरचं घड्याळ,
लांब ठाणे-बेलापूर रोडला
गियर बदलणारा कुठलासा ट्रेलर.

"रोज असा बंद होतो हा?"
हे त्यानं मला नाही, तिला विचारलं.
"लागतो की परत. थोड्या वेळानं."

इथं मी सांगायला हवं होतं,
मशीन ठीक आहे, झोपा.
धंद्यात खोटं बोललेलो नाही फारसं.
पण रात्रीच्या दोन वाजता
त्या माणसाच्या हाताला काही काम नव्हतं.
म्हटलं, मागच्या डाव्या पायाखाली पुठ्ठा घाला.
चार घड्या. वर वाटीत पाणी ठेवून
लेव्हल बघा.

फरफट ऐकू आली.
"सावकाश, लादी जाईल."
"तू धर ना तिकडून."
"धरलंय, उचला आता."
मग दोघं हसली, का वाटी सांडली,
नीट कळलं नाही, रेंज गेली मधेच.

मग कॉम्प्रेसर लागला.
तोच. खाकरून, तस्साच.

"आता बरंय," केणी म्हणाले.
"पैसे कसे पाठवू?"

राहू द्या, म्हटलं.
आठ दिवसांत आवाज परत आला नाही
तर द्या.