उठाबशा

दर मंगळवारी साडेदहाला, स्विंडनमध्ये,
चर्चच्या मागच्या हॉलात
आम्ही चौदा जण खुर्च्या गोल मांडतो.
बिनहाताच्या खुर्च्या. मुद्दाम.
केली नावाची पोर, माझ्या नातवाहून चार वर्षांनी मोठी असेल नसेल,
म्हणते, हात छातीवर घ्या.
आता उठा.
आता बसा.

मला हसू येतं.
एकोणतीस वर्षं मीही हेच सांगितलं,
विट्याच्या शाळेत, पाचवी ब.
फरक इतकाच, माझ्या हातात छडी असायची,
हिच्याजवळ बिस्किटांचा डबा.

केलीला 'प्रमिला' जमत नाही. मी पॅम झाले आहे.
माझ्या डावीकडे डोरीन. तिचा गुडघा पोलादी आहे,
विमानतळावर तिच्याआधी तोच बोलतो.
उजवीकडे ग्विलिम, रेल्वेच्या कारखान्यातला,
कान गेलेले, आकडे मोठ्यानं मोजतो
आणि दर वेळी सात गाळतो.
मी दुरुस्त करत नाही. हे मला जड जातं.

मग टाचेला बोटं भिडवत भिंतीपर्यंत जायचं.
अशीच पावलं टाकून आम्ही ठरवायचो, डाव कुणाचा.
ज्याचं शेवटचं पाऊल वर पडलं, तो जिंकला.
इथे भिंत लागली की जिंकलो.

मुलगा म्हणतो, आई, जिना चढू नकोस, मी आणतो काय ते.
केली म्हणते, चढ. कठड्याला धर, पण चढ.
मी दोघांनाही बरं म्हणते.

मागल्या मंगळवारी तिनं सगळ्यांना जमिनीवर निजवलं.
म्हणाली, आज पडल्यावर उठायचं शिकू.
निळ्या चटयांवर चौदा म्हातारी डोकी,
वर छताला नाताळातली एक सोनेरी झिरमिळी
मे महिना आला तरी लोंबत होती.
ग्विलिम छताकडे बघतच म्हणाला,
मी स्वयंपाकघरात पडलो होतो, संध्याकाळपासून.
रात्रभर फ्रिजची घरघर.
उजाडल्यावर शेजारणीनं पाहिलं, पडदे उघडले नाहीत.
एवढंच बोलला.
कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. कुणी हसलं नाही.

कुशीवर वळा, केली म्हणाली.
कोपर. मग गुडघे. रांगत खुर्चीपाशी या.
हात खुर्चीवर. घाई नाही.

उभी राहिले तेव्हा मांड्या लटलट कापत होत्या
आणि त्या कापण्यात मला हणमंत शिरतोडे दिसला.
दूध डेअरीला घालून यायचा, म्हणून उशीर.
पन्नास, मी म्हटलं होतं, कान धरून.
त्यानं घातल्या. चाळिसाच्या पुढे
आकडा थरथरू लागला, मला ऐकू येत होतं.
मी वह्या तपासत होते.
मान वर केली नाही.

आज परीक्षा होती. तीस सेकंद,
किती वेळा उठता येतं ते.
केलीनं कागदावर लिहिलं, अकरा.
मार्चमध्ये सात होत्या. डोरीननं टाळ्या वाजवल्या.

अकरा झाल्या रे, हणमंता.
एकोणचाळीस बाकी.
हप्त्याहप्त्यानं फेडीन म्हणते.
तू आता साठीला आला असशील.
तुझे गुडघे कसे आहेत?

बाहेर पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, इथलं ते नेहमीचं राखाडी.
बसथांब्याच्या बाकावर आम्ही तिघं,
डोरीनच्या पिशवीत भोपळी मिरचीची रोपं,
ग्विलिमच्या खिशात कागदात गुंडाळलेली दोन बिस्किटं.
पंधरा नंबरची बस वळणावर दिसली
आणि तिघं एकदम उठलो,
हात न टेकता.
ग्विलिम म्हणाला, आठ.