नऊ नंबर

पेपरात सगळं नीट आलंय:
मेजर ऑस्विन रेडपाथ, एडिंबराची पदवी,
सैन्याच्या वैद्यकीय दलात अठरा वर्षं,
मिलिटरी क्रॉस, तोही दोनदा.
अरासच्या चिखलातून एका रात्रीत
अकरा जण पाठीवर आणले, म्हणे.
पाठीवर नाही. ताडपत्रीवर, ओढत.
आणि त्यातले चौघं पोचेपर्यंत संपले होते,
हे ते स्वतःच सांगायचे.

मी त्यांच्याकडे बावीस वर्षं बाटल्या धुतल्या,
चिठ्ठ्या डकवल्या: जेवणानंतर, दिवसातून तीनदा.
ॲम्बल बंदरातल्या बाया यायच्या,
कोपरापर्यंत हेरिंगचे खवले,
खाणीतले म्हातारे काळं थुंकत बसायचे बाकावर.
पदक बुचांच्या ड्रॉवरमध्ये होतं.
फीत, पांढरी-जांभळी-पांढरी,
खिडकी वाऱ्यानं वाजते म्हणून
घडी करून फटीत कोंबलेली.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये हाऊझी.
बर्न्स गवंडी आकडे पुकारायचा,
"नऊ नंबर! डॉक्टरचा हुकूम!"
आणि सगळा हॉल त्यांच्याकडे वळून हसायचा.
तेही मान डोलवायचे.
एकदा त्यांचं तिकीट पाहिलं मी:
सगळे आकडे खोडलेले, नऊ तेवढा कोरा.
फुल हाऊस लागलं होतं. बोलले नाहीत.

पुढे एका रात्री,
दोरात बोटं गेलेल्या खलाशाला टाके घालून झाल्यावर,
आपणहून म्हणाले:
खंदकात नऊ नंबर म्हणजे जुलाबाची गोळी.
ज्याला काही झालेलं नाही, त्याला ती द्यायची
आणि वहीत लिहायचं, 'औषध, आणि ड्यूटी'.
डॅग्लिश नावाचं पोर. दातखीळ बसलेली.
रांगेत त्याच्यामागे चाळीस जण.
गोळी त्याच्या तळहातावर ठरेना,
तेव्हा मीच त्याची मूठ मिटली
आणि पुढच्याला हाक मारली.

पुढचं मी विचारलं नाही.
त्यांनी टॉवेल खुंटीला लावला,
उद्याला आयोडीन पुरेल का, म्हणाले.

बावीस वर्षांत
'तुला काही झालेलं नाही' असं
कुणालाच म्हणाले नाहीत ते.
नुसतं रडायला आलेल्यांनासुद्धा
आधी खुर्ची द्यायचे.

काल पुतण्या आला न्यूकॅसलहून.
फीत शोधून काढली, इस्त्री केली,
शवपेटीवर पदकाशेजारी मांडली.
छान दिसत होती.

दवाखान्यात खिडकी वाजतेय.
कागद कोंबून पाहिला मी.
राहत नाही.