हातानं चालू केलेलं

रात्री तीनला रीबूट केलेला सर्व्हर
उठला तर आहे.
पिंग केलं की ओ देतो.
पण साइट एकही नाही:
नोल्सोयच्या फेरीचं वेळापत्रक, लोकरीचं दुकान,
मेंढ्यांच्या लिलावाची यादी.

सुन्नेवा लॉग वाचते, खालून वर.
बाहेर तोर्शहाव्नचं बंदर धुक्यानं पुसलेलं.
डिस्क जोडलेली, जागा भरपूर,
सर्टिफिकेटला अजून दोन महिने.
घर जागच्या जागी,
फक्त चूल कुणी पेटवलेली नाही.

मग जुन्या आज्ञांमध्ये सापडते ती ओळ.
सहा वर्षांपूर्वी हानुसनं
वेबसर्व्हर हातानं चालू केला होता.
जाग आली की आपणहून चालू हो,
हे सांगायचं राहूनच गेलं.
सहा वर्षं मशीन झोपलं नाही
आणि चूक कुणाला दिसली नाही.

हानुस आता क्लाक्सविकला बोट रंगवतो.
पहाटे पाचलाही दुसऱ्या रिंगला फोन उचलतो.
"अरेच्चा," म्हणतो,
"मला वाटलं, मी असेनच की."

ती राहिलेली ओळ लिहिते.
मग मुद्दाम, पुन्हा एकदा, रीबूट.
हात मांडीखाली दाबून बसते.

वेळापत्रक उगवतं.
पहिली फेरी: पावणेसात.
घड्याळात सात वाजून गेलेत,
आणि धक्क्यावर कुणीच थांबलेलं नाही.
वेळ सगळ्यांना पाठ होती.