ब्लोहोल

उद्यमबागेत, तिसऱ्या शेडमध्ये
मी सत्तावीस वर्षं कास्टिंग वाजवून बघतो.
हातोडीचा एक ठोका, कान तिरका.
भरीव असलं तर घंटेसारखं बोलतं,
आत पोकळ असलं तर बद्द.
तरी वर्षाला पाच-सहा निसटतातच,
गिऱ्हाइकाच्या लेथवर जाऊन उघडं पडतं:
वरून गुळगुळीत, आत हवेचा फुगा.

फौजदार कन्नडमधून विचारतो,
मी मराठीतून सांगतो,
मधे बसू हुद्दार इकडचं तिकडं करतो.
पोरगा कसा होता?
चांगला होता.
दोन्ही भाषांत खरं, आणि दोन्हींत अपुरं.

अशफाक मोल्डर सासारामहून आला
पत्र्याची पेटी आणि मेव्हण्याचा पत्ता घेऊन.
पोरं इथली. सिव्हिलात जन्मली.
बोलणंही आमचंच, 'काय करूलालाय काका?'
तरी गल्लीला ते यूपीवाले;
बिहार आणि यूपी आम्हाला एकच.
मशिदीतले जुने बेळगावीही
त्यांच्या उर्दूला हसायचे.
खोली बघायला गेले की मालक आधी नाव विचारायचा,
मग खोली भरलेली असायची.

धाकट्याचं नाव रागिब.
रेशनकार्डावर रागीबाशा,
शाळेच्या दाखल्यावर रघीब,
हजेरीपटावर मीच लिहिलं, रागू.
सोपं पडतं म्हणून. तो हसलाही होता.
मग फोनमधला कुणीतरी
घशातल्या ग सकट पूर्ण हाक मारू लागला,
रात्री अडीचला.
गाव कुठलं, विचारलं नाही त्यानं.

एवढ्यावर कुणी जातं का?
काशिफ त्याचाच थोरला. तीच खोली, तेच टोमणे.
तो अजून कोर बनवतो,
रविवारी लेले मैदानावर विकेटकीपिंग करतो.
मग हाच का?
ठाऊक नाही, म्हणालो.
फौजदारानं तेवढं लिहून घेतलं नाही.

पहिली झळ घरालाच.
गुरुवारी ऊद घेऊन दर्ग्याला जाणाऱ्या बापाच्या
दंडावरचा ताईत त्यानं कात्रीनं कापला, झोपेत.
अशफाक मला हे हसत सांगत होता.
मीही हसलो.
'वय आहे,' म्हणालो, आणि भट्टीकडं गेलो.

लोंढा जंक्शनवर धरला. सॅकमध्ये एक वही.
फौजदारानं पान समोर धरलं:
नावांची यादी. काय करायचं, ते पुढच्या रकान्यात.
अक्षर सुरेख. मीच शिकवलेलं,
ड्रॉइंगवरचं, सरळ, उभट अक्षर.
दुसरं नाव दर्ग्याच्या मुजावराचं.
तिसरं अशफाक.
खालपर्यंत बोट फिरवलं, माझं नव्हतं.
बरं वाटलं.
ते बरं वाटणं अजून घशात अडकलंय.

बाविसाव्या वर्षी मीही
पाटीला डांबर फासलं होतं, एसटीवर दगड मारला होता.
हिंडलग्यात तीन दिवस काढले.
सुटलो तेव्हा गल्लीनं फेटा बांधला,
नारळ दिला, आईनं ओवाळलं.
ते आणि हे एक नाही. नाहीच.
ड्रायव्हरच्या कपाळाला चार टाके पडले होते,
त्याचं नाव मी आजवर विचारलेलं नाही.
पण माझा राग सगळ्या गल्लीचा होता,
चहा-पोहे मिळायचे त्याला.
या पोराचा एकट्याचा.
वाटेवर पडलेला.
ज्याला हवा त्यानं उचलला.

आता अशफाक दर सोमवारी डबा घेऊन
त्याच हिंडलग्याच्या दारात उभा असतो.
यादीतलं तिसरं नाव.
'वहीत तुझंही नाव होतं,' मी त्याला सांगितलं नाही.
त्याला माहीत असावं.
डबा तरी भरतोच.

आज सकाळी नव्या हजेरीपटावर
मी नावं पूर्ण लिहिली, अशफाककडून विचारून,
आणि कोर-शॉपच्या दारातून हाक दिली,
काशिफ अशफाक अन्सारी!
तो दचकला. हातातली पेटी सुटली,
वाळू सगळी फरशीवर.
हल्ली पूर्ण नाव
फक्त पोलीस घेतात, काका, म्हणाला,
आणि खाली बसून वाळू गोळा करू लागला.