सन्स

आठ फुटांची पाटी
सत्त्याऐंशीनं भागली की अठ्ठावीस मिलिमीटर होते.
उंची सात.
पोस्टाच्या एका तिकिटातून
चार-पाच दुकानं सहज निघतील.

टेबलावर कुडचड्याचं स्टेशन उभं आहे,
मीटरगेजचं, एकोणऐंशी सालचं.
रुळांकडेला खरी खाणीची माती,
बायकोच्या पिठाच्या चाळणीतून चाळलेली
(तिला सांगितलेलं नाही).
आता समोरचा रस्ता. बाबांचं दुकान.

कॉम्प्युटरला सगळं शिकवावं लागतं.
काळा इतका काळा नको, राखेकडे ने.
पांढऱ्यात साय मिसळ.
पाटी वीस वर्षं उन्हात उभी आहे बाबा,
तिला नुकती न्हाऊ घातल्यासारखी दाखवू नकोस.
'सोयरू'खाली तो दर वेळी लाल नागमोडी ओळ ओढतो.
बाबा होते तसेच राहिले,
त्यांनाही कुणी दुरुस्त केलं नव्हतं.

एकशे चाळीस फाँट आहेत.
पासकोल पेंटरचा एकही नाही.
त्याचा 'ह' पोटात वाकायचा,
'र' टाच उचलून उभा.
शेवटी मावसबहिणीच्या वरातीचा फोटो स्कॅन केला,
त्यात मागे दुकान आहे,
पण 'लेमन'वर बँडवाल्याचा ट्रंपेट.
'ले' मी मनानं काढला.
'मन' जिंजरखालच्या 'सामान'मधून उसना घेतला,
एक काना खोडून.

सोयरू हेदे अँड सन्स.
बाबांनी 'सन' सांगितलं होतं.
पासकोल शिडीवरून ओरडला,
"जागा उरता, पात्रांव! सन्स बरयतां!"
आणि लिहून मोकळा झाला.

मी एकटाच.
मी वास्कोला बंदरात कारकून झालो,
महिन्यातून एका रविवारी यायचो.
दुकान तरी उघडंच असायचं पाटीच्या हिशेबानं,
कुणीतरी बसलेलं असायचं तिथं,
त्या अर्ध्या 'स'एवढं.

छापली. मागून पॉलिशपेपरनं घासली,
कागद कांद्याच्या पापुद्र्याइतका होईपर्यंत.
नवीन ब्लेडनं कापली, कडा पेनानं काळ्या केल्या,
नाहीतर पांढरी रेघ चुगली करते.
गंजाला कोरा चहा, दोन थेंब.
भिंगाशिवाय शेवटचं अक्षर दिसत नाही.
गाळलं असतं तरी चाललं असतं.

माणसांच्या पाकिटात एक जण उरला होता,
हात पुढे केलेला, रंग न दिलेला.
त्याला बाबांचा निळा शर्ट दिला,
नाक माझं द्यायला गेलो, ब्रश जाड पडला.
गल्ल्यावर बसवलाय.

त्याच्या हातात काहीतरी हवं.
गोटीसोड्याची बाटली: अडीच मिलिमीटर.
गोटी कशाची करायची,
ते अजून सुचत नाही.