पावणेतीनचा ठोकळा

जुबैलला उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओततात.
दिवसा ते तापतं, घाईत गोठतं, मग भेगा.
म्हणून पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालतात,
आणि प्रत्येक गाडीपाशी थर्मामीटर घेऊन
मी उभा.
बत्तीसच्या वर गेलं, गाडी परत.
ड्रायव्हर शिव्या देतो, पश्तोमध्ये असाव्यात.
मी आकडा लिहितो.

पासवर माझं आडनाव मावलेलं नाही,
घाडीगांवकरचं नुसतं घाडी झालंय.
रात्री तेवढंही कुणी वाचत नाही.
रात्री माणसाला चार सावल्या असतात,
चार कोपऱ्यांतले चार दिवे, प्रत्येकाची एक.
पलीकडे रिफायनरीची ज्योत
वाऱ्याबरोबर मान वळवते.
हवा इतकी ओली की हेल्मेटच्या कडेवरून
वहीवर थेंब पडतो
आणि एकतीसचा सात फुगतो.

स्लम्पचा शंकू मोफिजुल उचलतो.
काँक्रीट क्षणभर उभं राहतं, मग खाली बसतं,
पाळी संपलेला माणूस पायरीवर बसतो तसं.
मोफिजुल पट्टी लावून ओरडतो, "एकशे वीस!"
दोन उन्हाळे मी त्याला आवाजावरून ओळखतो.

इथे पावणेतीन, तिथे सव्वापाच.
बायको उठलेली असते, मी डबा उघडलेला असतो.
ती चहा पिते, मी डाळभात जेवतो,
आणि दोघंही म्हणतो, "बाकी काय?"
ऑगस्टात एकदा म्हणाली,
पोरीला ताप आहे, एकशे दोन.
माझ्या तोंडून निघून गेलं,
"नापास."
पलीकडे बराच वेळ
नुसता चमचा वाजत होता.

रात्रीचे दिवसाला पंधरा रियाल जास्त मिळतात.
(हे वाक्य मी तिला दोनदा समजावलं.)
ते कशाचे, ते सकाळी कळतं:
खिडकीला चिकटवलेला चकचकीत कागद,
त्याच्या एका भोकातून आलेली
उन्हाची सुई, नेमकी डोळ्यावर,
बाहेर कुणाचा तरी कुकर,
आणि झोप म्हणजे नुसतं
पडून राहायची सवय.

ऑक्टोबरात दिवसपाळी लागली.
दिवसा साइटवर फार माणसं असतात.
प्रत्येकाला काहीतरी सही हवी असते.
सावली एकच, तीही दुपारी पायाखाली लपते.
रात्री आम्ही उभे केलेले खांब
उन्हात पाहिले तर ठेंगणे वाटले.
चहाच्या टपरीवर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा
माझ्याकडे बघून हसला.
मी उगाच हसलो, पुढे निघालो.
मागून ऐकू आलं, "घाडीभाई, एकशे वीस!"

त्याच आठवड्यात लॅबमध्ये ठोकळे फोडायचे होते.
ओतल्यापासून अठ्ठावीस दिवसांनी फोडतात.
पहिल्यावर माझंच अक्षर, थोडं ओघळलेलं:
सप्टेंबरची तारीख, वेळ पावणेतीन.
तापमान एकतीस.
यंत्रात ठेवला. काटा चढत गेला.
फुटायच्या आधी तो बारीक करकरतो,
झोपेत कुणी दात खावेत तसा.
मग धप्प.

पास, मी लिहिलं.
तुकडे घमेल्यात भरताना
एक उचलून उलटा करून बघितला.
आत बर्फ कुठेच नव्हता.