पाण्याची जागा

घाटंजीच्या दवाखान्यात, मंगळवारी,
जंगूबाई कुमरे बाही वर करते.
दहा मिली. अभ्यासासाठी.

मी सांगतो: विषाणू रूप बदलतो.
शरीर प्रतिपिंडं घडवतं,
पण गेल्या महिन्यातल्या रूपाची.

"म्हंजे रानडुकरावानी," ती म्हणते.
"आज इकून कुंपण फोडते, उद्या तिकून.
जागलीवाला बसते कालच्या भगदाडापाशी."

हो, असंच.

"पण पाण्यावर थो एकाच जागी येत असन ना?"

सुई माझ्या हातात तशीच.
वर्षानुवर्षं हेच शोधताहेत प्रयोगशाळांत:
ती एक जागा,
जी बदलून विषाणूला जगता येत नाही.

नळीवर मी नंबर लिहितो. नाव लिहायचं नसतं.
ती कापूस दाबून धरते,
विचारते, साडेतीनची एसटी गेली का.